गाडीची कुरकुर

पुण्याच्या शुक्रवार पेठेत महात्मा फुले मंडईची दगडी इमारत दिमाखाने उभी आहे. १८८६ साली ती बांधून पूर्ण झाली, तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले होते. पुढे महात्मा फुले यांचे नाव तिला मिळाले. अष्टकोनी मनोऱ्याभोवती पसरलेल्या तिच्या दालनांत भाज्यांचे आणि फळांचे ढीग रचलेले असतात. हा सारा माल येथवर वाहून आणणे हे चाकांचे काम होय. एके काळी ते बैलगाड्या करीत. मग मोटारी आल्या, टेंपो आले. आता घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भरतो. तरी मंडईच्या गाळ्यांवर माल पोहोचविणारी लहान मालवाहू वाहने पहाटेपासून या भागात ये-जा करीतच असतात.

‘टेंपो’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे, की तो मूळचा एका जर्मन वाहनाचे नाव आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेंपो या कंपनीने त्या जातीची तीनचाकी वाहने आपल्या देशात तयार केली. पुढे २००५ साली कंपनीने आपले नाव बदलून फोर्स मोटर्स असे ठेवले. परंतु लोकांच्या तोंडी मात्र माल वाहणारी प्रत्येक लहान गाडी ‘टेंपो’च राहिली.

मंडईच्या गर्दीतून टेंपो पुढे कसा काढतात हे पाहण्याजोगे असते. एका बाजूला हातगाडी, दुसऱ्या बाजूला डोक्यावर पाटी घेतलेला हमाल, समोर पिशवी सावरीत चाललेल्या आजीबाई! वीतभर जागेतून गाडी नेताना चालकाला एकच भरवसा असतो, आणि तो म्हणजे आपण चक्र जितके फिरवू तितकेच गाडीचे चाक वळेल. हा भरवसा ज्या भागांवर अवलंबून असतो, ते सारे गाडीच्या पोटाखाली, चिखलात आणि धुळीत दडलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पण बिघडू लागले म्हणजे कुरकुर करतात. ती कुरकुर ओळखणे ही एक विद्याच आहे.

बैलगाडीला सुकाणू नसते. बैल ज्या दिशेला वळतात, त्या दिशेला जू वळते आणि जुवामागून सारी गाडी वळते. मोटारीची गोष्ट निराळी आहे. तिची मागची चाके सरळच धावतात आणि वळतात ती केवळ पुढची दोन. त्यांतही एक गंमत आहे. गाडी वळत असताना आतल्या बाजूचे चाक लहान वर्तुळावरून जाते आणि बाहेरच्या बाजूचे मोठ्या वर्तुळावरून. म्हणून आतल्या चाकाला थोडे अधिक वळावे लागते. दोन्ही चाके सारखीच वळली, तर त्यांतले एक रस्त्यावर घासत जाईल. म्युनिक येथील गाड्या बनविणारे लँकेनस्पर्गर यांनी घोडागाडीसाठी यावर युक्ती काढली आणि १८१८ साली रुडॉल्फ आकरमन यांनी इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. मोटारीचा जन्म होण्यापूर्वीचे हे तत्त्व आजच्या मोटारींतही उपयोगी पडते.

चालकाच्या हातातील चक्रापासून चाकापर्यंत दांड्यांची आणि सांध्यांची एक साखळीच असते. चक्राचा दांडा खाली दातेरी यंत्रणेला फिरवितो. ती यंत्रणा आडव्या दांड्यांना ढकलते किंवा ओढते. या दांड्यांना ‘टाय रॉड’ म्हणतात. टाय रॉडच्या टोकाशी पोलादी गोळा असलेला सांधा असतो. आपल्या खांद्याच्या सांध्यात हाडाचा गोळा खोबणीत बसलेला असतो ना, तसाच हा गोळा आपल्या खोबणीत बसलेला असतो. खोबणीत वंगण असते आणि तिच्यावर रबराची टोपी असते. टोपी फाटली, की पावसाचे पाणी आणि रस्त्यावरची धूळ आत शिरते. मग गोळा झिजू लागतो. विहिरीच्या रहाटाचा दोर सैल असला, म्हणजे रहाट थोडा फिरल्यावरच पोहरा हलतो. त्याचप्रमाणे सांधा झिजला, की चक्र थोडे फिरल्यावरच चाक हलते. या रिकाम्या फिरण्याला कारागीर ‘प्ले’ म्हणतात.

दुसरी यंत्रणा धक्के सोसण्याची. बैलगाडीत बसलेल्याला रस्त्यातला प्रत्येक दगड जाणवतो, कारण तिच्या आसाखाली धक्का झेलणारे काहीच नसते. टांग्याला पोलादी पाटे असत, म्हणून टांग्यातला प्रवास त्या मानाने सुखाचा होई. मालवाहू गाड्यांना असे पाटे आजही असतात. एकावर एक ठेवलेल्या, किंचित वाकविलेल्या पोलादी पट्ट्या ओझ्याखाली लवतात आणि पुन्हा वर येतात. पण केवळ लवचीकपणा पुरत नाही. मंडईत भाजीवाल्याचा तराजू पाहावा. पारड्यात वजन पडले, की दांडी खालीवर होत राहते. भाजीवाला पारड्याला हलकेच बोट लावतो आणि दांडी स्थिरावते. गाडीत या बोटाचे काम ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’ करतो. त्याच्या नळीत तेल असते. आतील दट्ट्याला बारीक छिद्रे असतात आणि खालीवर होताना तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते. त्यामुळे गाडीचे उसळणे लवकर शमते. पाटा धक्का झेलतो आणि हा तो जिरवितो. हा नसेल, तर चाक खड्ड्यातून उसळून क्षणभर रस्ता सोडते. आणि रस्ता सुटलेले चाक वळवूनही गाडी वळत नाही.

आता कुरकुर कशी ओळखतात ते एका उदाहरणावरून पाहू.

सासवडजवळच्या एका गावातून एक टेंपोचालक रोज पहाटे पुण्याला भाजी आणीत असे. भाद्रपदाचे दिवस होते. पुरंदरच्या मटाराला भर आला होता, आणि गणपती जवळ आल्यामुळे मंडईतल्या गर्दीला पारावार नव्हता. त्या दिवशी चालकाबरोबर त्याचा भाचाही आला होता. दिवे घाटाची वळणे उतरत असताना मामाच्या कपाळावर आठी पडली. गाडी डावीकडे ओढत होती. चक्र उजवीकडे धरून ठेवावे लागत होते. शिवाय ते थोडे फिरवूनही चाक लगेच दाद देत नव्हते.

मामाने वेग आणखी कमी केला आणि घाट संपताच रस्त्याकडेला मोकळी जागा पाहून गाडी उभी केली. भाच्याने खाली उतरून चाके पाहिली. पुढच्या डाव्या चाकात हवा कमी दिसत होती.

“मामा, सापडलं! हवा कमी आहे म्हणून गाडी डावीकडे ओढते,” तो आनंदाने म्हणाला.

वाटेत त्यांनी चाकांत नेमकी हवा भरून घेतली. गाडीचे ओढणे खरोखरच थांबले. भाच्याला वाटले, काम झाले. पण मामाच्या कपाळावरची आठी गेली नव्हती.

“ओढणं थांबलं,” तो म्हणाला, “पण चक्र अजून रिकामंच फिरतंय. एक दुखणं गेलं, दुसरं राहिलंय.”

मंडईत माल उतरवून दोघे नाना पेठेत गेले. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांसाठी ही पेठ प्रसिद्ध आहे. तेथील एका वृद्ध मिस्त्रींकडे मामा नेहमी जात असे. मिस्त्रींनी सारी हकिकत शांतपणे ऐकून घेतली. चाके सरळ करावयास लावून त्यांनी चक्राच्या कडेवर आणि तिच्यासमोर खडूने एकेक खूण केली. मग चाक हलू न देता चक्र एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला किती फिरते, ते सुतळीने मोजले. सुतळी तेरा सेंटिमीटर भरली.

“या चक्राचा व्यास चाळीस सेंटिमीटर आहे. आता सांग, हा प्ले किती अंशांचा झाला?” त्यांनी भाच्याला विचारले.

भाच्याने मनाशी हिशेब केला. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या चक्राचा परीघ सुमारे एकशे सव्वीस सेंटिमीटर. तीनशे साठ अंशांना एकशे सव्वीस, तर तेरा सेंटिमीटरांना सदतीस अंश!

“आणि कायदा तीस अंशांपेक्षा अधिक चालू देत नाही,” मिस्त्री म्हणाले. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यांतील अठ्ठ्याण्णवाव्या नियमात ही मर्यादा घातलेली आहे. सांध्यांवर रबराच्या टोप्या असल्याच पाहिजेत, असेही तोच नियम सांगतो. तीस अंश म्हणजे घड्याळाच्या काट्याने बारावरून एकावर जाण्याइतके अंतर. चांगल्या गाडीत प्ले याहून पुष्कळच कमी असतो.

आता दोष नेमका कोठे आहे ते शोधावयाचे होते. भाचा चक्रापाशी बसून ते थोडे थोडे डावीउजवीकडे हलवू लागला. मिस्त्री गाडीखाली शिरले आणि प्रत्येक सांध्यावर आळीपाळीने हात ठेवू लागले. सांध्याच्या एका बाजूचा दांडा हलावा आणि दुसऱ्या बाजूचा क्षणभर स्वस्थ राहावा, असा सांधा त्यांना हवा होता. डाव्या टाय रॉडच्या टोकाशी तो सापडला. रबराची टोपी फाटली होती आणि वंगणाच्या जागी चिखल होता.

तरीही मिस्त्रींनी चाक तपासल्यावाचून सोडले नाही. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून त्यांनी जॅकने गाडी उचलली आणि तिच्याखाली भक्कम लोखंडी घोडी ठेवली. केवळ जॅकवर विसंबून गाडीखाली कधीही जाऊ नये, हा त्यांचा कडक नियम होता. मग चाक म्हणजे घड्याळाची तबकडी आहे असे मानून त्यांनी नऊ आणि तीन या आकड्यांच्या जागी हात धरून ते हलविले. चाक खटखटले. टाय रॉड झिजला, की चाक असे आडवे हलते. नंतर बारा आणि सहाच्या जागी धरून हलविले. तेथे मात्र चाक घट्ट होते. तेथेही ते हलले असते, तर चाकाचे बेअरिंग किंवा चाक ज्यावर वळते तो सांधा सैल आहे असे समजावे लागले असते. अशा वेळी एकाने ब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्याने चाक पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले, तर दोष बेअरिंगचा. न थांबले, तर सांध्याचा.

“मिस्त्री, आज रात्री मटार भरायचा आहे. उद्याची एक खेप करतो आणि मग गाडी तुमच्याकडे लावतो,” मामा अजिजीने म्हणाला. “शेतकऱ्यानं तोड केलेली आहे. शब्द दिलाय मी.”

मिस्त्रींनी काढलेला सांधा त्याच्या तळहातावर ठेवला. मामाने गोळा हलविला. तो खोबणीत लगडलगड वाजला.

“खोबणीचे ओठ झिजलेत. अजून झिजले, की गोळा बाहेर येईल,” मिस्त्री म्हणाले. “मग हातात चक्र राहील आणि चाक जाईल आपल्या मनानं. हे घाटात होईल, की मंडईतल्या गर्दीत, ते मला सांगता येणार नाही.”

मामाच्या डोळ्यांपुढे घाटाची वळणे आली. त्यानंतर पिशवी सावरीत गाडीसमोरून जाणाऱ्या आजीबाई आल्या. नवा सांधा बसवून लगेच निघता येईल का, असे त्याने विचारले. तेही शक्य नव्हते. नवा सांधा बसविला, की दांड्याची लांबी किंचित बदलते आणि पुढची चाके एकमेकांशी जुळती राहत नाहीत. ती यंत्रावर मोजून पुन्हा जुळवावी लागतात. त्याला ‘अलाइनमेंट’ म्हणतात. ते काम दुसऱ्या दिवशी होणार होते. मामाने शेतकऱ्याला दूरध्वनी केला. शेतकरी रागावला. बऱ्याच खटपटीनंतर दुसऱ्या एका टेंपोची व्यवस्था झाली आणि मटार मंडईत वेळेवर पोहोचला. पण त्या खेपेचे भाडे मामाला गमवावे लागले. परतताना एस.टी.त तो फारसा बोलला नाही. भाच्याने मात्र वहीत दोन ओळी टिपून ठेवल्या: ‘लक्षणे दोन होती, कारणेही दोन होती. पहिले सापडले म्हणून दुसरे शोधायचे सोडू नये.’

गाडीची इतर लक्षणेही अशीच ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. चक्र जड चालू लागले, तर आधी चाकांतील हवा पाहावी. नंतर सांध्यांतील वंगण आणि शक्तीने चालणारी यंत्रणा असेल, तर तिचे तेल किंवा पट्टा तपासावा. अलीकडच्या अनेक मोटारींत हे काम विजेवर होते आणि बिघाड झाल्यास चालकासमोर दिवा लागतो. पण झिजलेला गोळा त्या दिव्याला दिसत नाही. ठरावीक वेगालाच चक्र थरथरत असेल, तर चाकाचा तोल गेलेला असण्याचा संभव असतो. ब्रेक दाबतानाच थरथरत असेल, तर ब्रेकची तबकडी पाहावी. सपाट जागी उभी असलेली रिकामी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसली, तर तेथील पाटा किंवा स्प्रिंग तुटली आहे का ते पाहावे. लहान मोटारीचा कोपरा दाबून सोडावा. ती एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक; पुन्हा पुन्हा डोलत राहिली, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाला असावा. त्याच्या नळीवर तेल ओघळलेले असेल, तर शंकेला आणखी आधार मिळतो.

टायर म्हणजे तर गाडीची रोजनिशीच होय. दोन्ही कडा झिजलेल्या असतील, तर हवा बरेच दिवस कमी राहिली आहे. मधला भाग झिजला असेल, तर ती अधिक भरली आहे. एकच कड झिजली, तर चाके जुळलेली नाहीत. कारागीर अशा वेळी ‘गाडी टायर खाते’ असे म्हणतात. जागोजाग खोलगट चट्टे पडले असतील, तर चाक उसळत चालले आहे. जे चालकाने ऐकले नाही, ते टायरने लिहून ठेवलेले असते.

बारा वर्षांच्या मुलाला मोटार चालविता येत नाही; तसा कायदाही नाही. पण सायकल असतेच, आणि तिलाही सुकाणू असते. सायकलीचा पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि ती पुढेमागे हलवावी. हँडलच्या मुळाशी हाताला खटका जाणवला, तर तेथील वाट्या सैल झाल्या आहेत किंवा छर्रे झिजले आहेत असे समजावे. मग उतारावरून जाण्यापूर्वी सायकल दुकानात न्यावी. शाळेच्या गाडीत किंवा रिक्षात बसल्यावर नेहमीपेक्षा निराळा आवाज आला, तर तो कोठून येतो, वळताना येतो की खड्ड्यात येतो, एवढे नीट लक्षात ठेवून चालकाला सांगावे. चालकाच्या कानांवर तो रोज पडत असल्यामुळे कदाचित त्याला तो ऐकू येईनासा झालेला असतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे मामाचा टेंपो पुन्हा घाट उतरला. पाऊस भुरभुरत होता. खाली मस्तानी तलाव धुक्यात अर्धा झाकलेला होता. वळण आले. मामाने चक्र फिरविले आणि चाक तत्क्षणी वळले. भाचा शेजारी बसून कान देऊन ऐकत होता. मटाराची पोती किंचित हलत होती, काचेवरचा पुसणारा दांडा टकटक करीत होता. गाडीखालून मात्र काहीही कुरकुर ऐकू येत नव्हती.

स्वाध्याय

१. बैलगाडी आणि मोटार यांच्या वळण्यात कोणता फरक आहे?
२. तराजूच्या पारड्याला लावलेले बोट आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांतील साम्य तुमच्या शब्दांत सांगा.
३. हवा भरल्यावर गाडीचे ओढणे थांबले, तरी मामाचे समाधान का झाले नाही?
४. एका चक्राचा व्यास ४२ सेंटिमीटर आहे. तीस अंशांचा प्ले त्याच्या कडेवर सुमारे किती सेंटिमीटर होईल?
५. ‘शब्द दिलाय मी,’ असे म्हणणाऱ्या मामाने खेप रद्द केली. त्याने शब्द मोडला असे तुम्हांला वाटते का? सकारण लिहा.
६. कुरकुर, खटखट, भुरभुर यांसारखे पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.